त्वचेतला ग्रॅन्युलोमा : सूक्ष्मदर्शक कुठवर सांगतो?

‘ग्रॅन्युलोमॅटस डर्मटायटिस. कुष्ठरोग, क्षय वा अन्य कारण नाकारता येत नाही. रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.’ त्वचेच्या बायोप्सीचा असा अहवाल ज्या डॉक्टरांच्या हातात पडला आहे, त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. तुकडा काढला, टाका घातला, रुग्ण दोनदा एसटीने येऊन गेला आणि पाठवलेला प्रश्नच उत्तर म्हणून परत आला. पॅथॉलॉजिस्टची बाजूही तितकीच खरी आहे. स्लाइडवर जे होते ते त्यांनी लिहिले. जे नव्हते ते कुठून लिहिणार?

नंदुरबार जिल्ह्यात हा पेच पुस्तकी राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी वस्तीचा. कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत त्याचे नाव येते. क्षय आहेच. शेतात आणि रानात अनवाणी फिरणाऱ्या पायांत काटे मोडतात. अंगावर गोंदण असते. त्वचेत ग्रॅन्युलोमा होण्याची बहुतेक कारणे इथे एकाच ओपीडीच्या रांगेत उभी असू शकतात. त्यामुळे या निदानाच्या वादांत कोण काय म्हणते आणि कुठे एकमत झालेले नाही, हे पाहताना हा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे.

ग्रॅन्युलोमा म्हणजे काय घडते

एखादा जंतू मारता येत नाही किंवा बाहेरून शिरलेली वस्तू विरघळवता येत नाही, तेव्हा शरीर तिला घेरून ठेवते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जमतात, फुगून लांबट होतात आणि एकमेकींना चिकटून बसतात. त्या अवस्थेत त्यांना एपिथेलिऑइड पेशी म्हणतात. काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनतात. भोवती लिम्फोसाइटचे कडे असते, कधी जाड, कधी विरळ. या पुंजक्याचे नाव ग्रॅन्युलोमा.

स्लाइडवर दिसते ती शरीराची ही प्रतिक्रिया. ती ज्याच्याविरुद्ध आहे तो जंतू किंवा तो कण दिसेलच असे नाही. पुढचे जवळजवळ सगळे मतभेद इथून फुटतात.

बर्गन, सातारा, परळ

या अभ्यासाचा जुना इतिहास नॉर्वेतला आहे, पण त्याचा एक धागा सरळ साताऱ्याला येतो. डॅनियलसेन आणि कार्ल विल्हेल्म बोएक यांनी १८४७ मध्ये कुष्ठरोगावरचा मोठा ग्रंथ काढला आणि रोग आनुवंशिक असल्याचे मत मांडले. जर्मन पॅथॉलॉजिस्ट विर्शो १८५९ मध्ये नॉर्वेत जाऊन आले. कुष्ठाच्या गाठींमधल्या फेसाळ पेशींचे त्यांनी केलेले वर्णन इतके नेमके होते की आजही त्या पेशींना त्यांचे नाव आहे. मात्र त्या फेसाच्या पोकळ्यांत काय भरले आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. ते १८७३ मध्ये बर्गनमध्ये हॅन्सेन यांनी पाहिले. बारीक काड्यांसारखे ते जंतू होते. दरम्यान १८६८ मध्ये लँगहान्स यांनी क्षयाच्या गाठींतल्या महाकाय पेशींचे वर्णन केले होते, आणि १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला.

हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रेज अॅनाटमी’च्या १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतल्या चित्रांमुळे ठाऊक असते. त्याच वर्षी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि नंतर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. पायाला सूज, छिद्रे आणि छिद्रांतून पडणारे काळे-पांढरे दाणे असलेल्या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनी दिले आणि त्यामागे बुरशी असल्याचे सांगितले. कुष्ठरोगावरही ते त्याच काळात काम करत होते. ते नॉर्वेला गेले, हॅन्सेन यांचे काम प्रत्यक्ष पाहिले आणि ती माहिती इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ठरले. त्वचेतल्या ग्रॅन्युलोमाची दोन मोठी कारणे, कुष्ठरोग आणि मायसेटोमा, या एकाच माणसाच्या टेबलावर महाराष्ट्रात शेजारी-शेजारी होती.

मुंबईत १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला. वडाळ्याचे अॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. विसाव्या शतकाच्या मध्यावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला. जंतूचा पहिला मुक्काम त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंमध्ये असतो, यावर त्यांचा भर होता. आजही कुष्ठरोगाची स्लाइड लावल्यावर जाणकार आधी मज्जातंतू शोधतो, त्यामागे ही परंपरा आहे.

नॉर्वेतलाच आणखी एक दुवा सांगण्याजोगा. कार्ल विल्हेल्म बोएक यांचे पुतणे सीझर बोएक यांनी १८९९ मध्ये ‘सारकॉइड’ हे नाव वापरून त्वचेतल्या निराळ्याच गाठींचे वर्णन केले. सारकॉइडोसिस या रोगाचे नाव तिथून आले. काका कुष्ठरोगाचे, पुतणे सारकॉइडचे. स्लाइडवर हे दोन रोग अजूनही एकमेकांचे सोंग घेतात.

आकृतीवरून वाचण्याची शाळा

१९७८ मध्ये न्यूयॉर्कचे अॅकरमन यांचे त्वचेच्या दाहरोगांवरचे पुस्तक आले आणि स्लाइड वाचण्याची रीतच बदलली. त्यांचे म्हणणे असे, की प्रथम कमी भिंगातून एकूण आकृती पाहावी, तिचा गट ठरवावा, मगच जवळ जाऊन पेशी तपासाव्यात. ग्रॅन्युलोमाचे गट या रीतीने साधारण असे पडतात : भोवती लिम्फोसाइटचे दाट कडे असलेला क्षयसदृश, कडे जवळजवळ नसलेला ‘उघडा’ सारकॉइडसदृश, मध्ये झिजलेले तंतू आणि भोवती पेशींचे कुंपण असलेला, मध्ये पू असलेला, बाह्य वस्तूभोवतीचा, आणि फेसाळ मॅक्रोफेजचा पसरट थर.

या रीतीचे समर्थक म्हणतात, तिच्यामुळे वाचनाला शिस्त येते, नवशिक्याला वाट सापडते आणि दोन शहरांतले दोन पॅथॉलॉजिस्ट एका भाषेत बोलू लागतात. हे मान्य करायलाच हवे. पूयुक्त ग्रॅन्युलोमा दिसला की बुरशी किंवा क्षयाचे चुलतजंतू शोधायचे, ही सवय या शाळेने लावली.

दुसरी बाजू अशी, की ग्रॅन्युलोमा गट पाळत नाही. त्वचेचा क्षय असलेल्या कितीतरी स्लाइडमध्ये चीजसारखी मृत ऊती, म्हणजे केसिएशन, दिसतच नाही. ल्युपस व्हल्गॅरिसमध्ये ती बहुधा नसते किंवा नावापुरती असते. सारकॉइडमध्ये क्वचित मध्यभागी झीज दिसते. कुष्ठरोग तर एकट्याने दोन-तीन गट व्यापतो. शिवाय तुकडा कधी काढला यावर आकृती ठरते. चट्टा नवा असताना पेशी सैल जमलेल्या असतात, जुना झाल्यावर तंतू वाढतात. मध्ये मेडिकलवरून आणलेले स्टेरॉइडचे मलम महिना-दोन महिने चोळले असेल, तर आकृती आणखी पुसट होते. मलमाचा हा मुद्दा खेड्यापाड्यांत फार मोठा आहे. तपासणीच्या फॉर्मवर मात्र त्याची नोंद क्वचित असते.

कुष्ठरोग की क्षय

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात खरी ओढाताण या दोघांत असते.

कुष्ठरोगाच्या दोन टोकांना फारसा वाद नाही. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पाच गटांच्या पट्टीवर एका टोकाला शरीराचा प्रतिकार जोरदार असतो. तिथे ग्रॅन्युलोमा घट्ट, जंतू जवळजवळ शून्य. दुसऱ्या टोकाला प्रतिकार कोलमडलेला. तिथे फेसाळ पेशींत जंतूंचे गठ्ठे, आणि वरच्या त्वचेखाली एक स्वच्छ रिकामी पट्टी. या दुसऱ्या टोकाची स्लाइड योग्य रंग दिल्यावर चुकणे अवघड आहे. गोंधळ होतो तो क्षयसदृश टोकाकडच्या, बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड चट्ट्यांत. आपल्याकडे प्रत्यक्षात असे रुग्ण बरेच असतात.

त्यांना ओळखण्याच्या खुणा पाठ्यपुस्तकांत स्पष्ट आहेत. कुष्ठरोगाचा ग्रॅन्युलोमा मज्जातंतूच्या वाटेने जातो, म्हणून तो गोल न राहता लांबट, वाकडा, आडवा पसरतो. मज्जातंतू आतून पोखरलेला किंवा पूर्ण नाहीसा झालेला असतो. केसाच्या मुळाशी असणारा बारीक स्नायू आणि घामाच्या ग्रंथी यांच्यावरही हल्ला दिसतो. क्षयात ग्रॅन्युलोमा बहुधा गोलसर असतो, त्वचेच्या वरच्या थरात जास्त असतो आणि मज्जातंतूंकडे ढुंकून पाहत नाही. मज्जातंतूचे उरलेसुरले तुकडे हुडकायला एस-१०० नावाचा प्रतिपिंडाधारित रंग वापरतात. ग्रॅन्युलोमाच्या पोटात मज्जातंतूचे फाटके धागे दिसले, तर कुष्ठरोगाच्या बाजूने वजन पडते.

पण या खुणा तुकड्यात याव्या लागतात. मज्जातंतूंचे जाळे त्वचेच्या खालच्या भागात असते. चार-पाच मिलिमीटरच्या पंचने चरबीपर्यंत गेलेला तुकडा आला तर तो दिसणार. भीतीपोटी वरवर खरवडून घेतलेला तुकडा आला, तर कितीही अनुभवी डोळे असले तरी उपयोग नाही. चेहऱ्यावरच्या चट्ट्यांची अडचण आणखी निराळी. तिथे मज्जातंतूंचा पुरवठा भरपूर, म्हणून चट्टा असूनही संवेदना शाबूत राहू शकते. म्हणजे कापूस लावून पाहण्याची साधी चाचणी तिथे फसते आणि सूक्ष्मदर्शकावर भार वाढतो.

त्वचेच्या क्षयाबद्दल एक बारीकशी तक्रार नोंदवावीशी वाटते. काचेची पट्टी दाबून ल्युपस व्हल्गॅरिसमध्ये सफरचंदाच्या जेलीचा रंग पाहावा, असे पुस्तकांत लिहिलेले असते. हे वर्णन गोऱ्या त्वचेवरून आले आहे. सावळ्या, काळ्या त्वचेवर ती खूण बऱ्याचदा दिसत नाही. युरोपातून आलेल्या खुणा इथे तपासून घ्याव्या लागतात, आणि हा नियम स्लाइडलाही लागू आहे. गडद त्वचेत दाह झाला की मेलॅनिन खालच्या थरात गळते. ते कण काही रंगांत फसवू शकतात.

जंतू दिसत नाही तेव्हा

निदानाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे जंतू प्रत्यक्ष दाखवणे. यासाठी कुष्ठरोगात झील-नील्सनचा नेहमीचा रंग अपुरा पडतो. कुष्ठाचा जंतू अम्लाला क्षयाच्या जंतूइतका टिकत नाही. स्लाइड बनवताना वापरलेल्या द्रावकांनी त्याच्या वेष्टणातली मेणचट द्रव्ये धुऊन जातात आणि रंग उडतो. म्हणून फाइट-फॅराको पद्धतीत तेलाचा वापर करून ते वेष्टण राखतात आणि सौम्य अम्लाने रंग काढतात. हे तेल शेंगदाण्याचे असते. खानदेशात ते प्रत्येक चुलीजवळ सापडेल. प्रयोगशाळेत मात्र नेहमी असते असे नाही. नेहमीच्या झील-नील्सनवर ‘जंतू आढळले नाहीत’ असा शेरा आला, तर कोणता रंग वापरला हे विचारणे रास्त आहे.

रंग बरोबर वापरूनही मर्यादा राहते. एक ग्रॅम ऊतीत साधारण दहा हजार जंतू असल्याशिवाय त्वचेच्या घसाऱ्यात, म्हणजे स्लिट स्मिअरमध्ये, ते नजरेस पडण्याची शक्यता कमी. क्षयसदृश कुष्ठरोगात आणि त्वचेच्या बऱ्याच प्रकारच्या क्षयात जंतू त्याहून कमी असतात. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाही, त्यामुळे कल्चरचा मार्ग बंद. क्षयाचा वाढतो, पण त्याला आठवडे लागतात. शिवाय त्यासाठी तुकडा फॉर्मेलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवावा लागतो. ही एक साधी गोष्ट कितीदा तरी हुकते. तुकडा काढला, सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला आणि कल्चरची संधी त्याच क्षणी गेली. तुकड्याचे दोन भाग करून दोन बाटल्यांत पाठवावेत, यावर सर्व शाळांचे एकमत आहे. या क्षेत्रात अशी एकमते थोडीच.

रेणूंवर ठेवलेली भिस्त

जंतूचा डीएनए वाढवून दाखवणाऱ्या पीसीआर चाचण्यांनी हा पेच सुटेल अशी आशा गेल्या दोन-तीन दशकांत बळावली. कुष्ठाच्या जंतूचा संपूर्ण जनुकक्रम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारंवार येणाऱ्या तुकड्यावर आधारलेली आरएलईपी चाचणी संशोधनात बरीच वापरली जाते. क्षयासाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे जिल्हा-तालुक्यांपर्यंत पोहोचली. ट्रूनॅट तर गोव्यात बनते.

आशावादी बाजू म्हणते, ग्रॅन्युलोमा आहे आणि डीएनए सापडला, की वाद संपला. सावध बाजू तीन अडचणी दाखवते. या यंत्रांची आखणी प्रामुख्याने थुंकीसाठी झाली. त्वचेच्या तुकड्यात जंतू कमी, म्हणून नकारार्थी निकालाला फार किंमत देता येत नाही. दुसरे, फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या आणि मेणात घातलेल्या ऊतीतला डीएनए तुटलेला असतो. तिसरी अडचण जास्त नाजूक आहे. डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत आहे किंवा त्यानेच चट्टा घडवला, असे ठरत नाही. उपचार पूर्ण झाल्यावरही मृत जंतूंचा डीएनए काही काळ मिळतो. जिथे क्षय आणि कुष्ठरोग दोन्ही घरोघरी आहेत, तिथे हा आक्षेप मोडून काढणे कठीण जाते. सारकॉइडच्या ऊतीतही क्षयजंतूचा डीएनए सापडल्याचे शोधनिबंध आहेत. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अजून एकमत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कुष्ठरोगाच्या निदानासाठी अशी कोणतीही नवी चाचणी शिफारसीत घेतली नाही. निदान लक्षणांवर आणि गरज पडल्यास घसारा किंवा बायोप्सीवर, ही जुनी चौकट कायम राहिली.

बाकीचे दावेदार

सारकॉइड हे वगळून-वगळून करायचे निदान. क्षय नाही, कुष्ठरोग नाही, बुरशी नाही, बाह्य वस्तू नाही, तेव्हा कुठे त्याचे नाव घ्यावे. भारतात तो दुर्मिळ आहे असे दीर्घकाळ मानले जाई. उघडा ग्रॅन्युलोमा दिसला तरी क्षयाच्या औषधांकडे हात जाण्याची सवय त्यामागे होती, असे अनेक तज्ज्ञ आता म्हणतात. उलट बाजूची भीतीही खोटी नाही. सारकॉइड समजून स्टेरॉइड सुरू केले आणि आत क्षय निघाला, तर तो भडकतो. महाकाय पेशींत दिसणारे ताऱ्यासारखे किंवा शिंपल्यासारखे पदार्थ एके काळी सारकॉइडची खूण मानले जात. ते इतरत्रही आढळतात हे आता सर्वमान्य आहे.

बाह्य वस्तूसाठी ध्रुवीय प्रकाश वापरतात. काट्यातले वनस्पतीचे तंतू, वाळूचे कण, जुन्या टाक्याचा धागा त्यात चमकतात. मात्र सारकॉइडच्या काही रुग्णांतही असे कण सापडतात, म्हणून कण चमकला की तपास थांबवणे आता योग्य मानत नाहीत. काट्याबरोबर बुरशीही आत जाते. तपकिरी, जाड भिंतीच्या, मध्ये आडवी रेघ असलेल्या गोल पेशी पूयुक्त ग्रॅन्युलोमात दिसल्या की क्रोमोब्लास्टोमायकोसिसचे निदान पक्के, त्याला वेगळ्या रंगाचीही गरज नसते. कार्टर यांच्या मायसेटोमात दाणा सापडणे महत्त्वाचे, आणि त्याहून महत्त्वाचे तो कुणाचा हे ठरवणे. बुरशीचा असेल तर बुरशीविरोधी औषधे आणि कधी शस्त्रक्रिया, जिवाणूचा असेल तर प्रतिजैविके. इथे सूक्ष्मदर्शकाचे उत्तर थेट पाय वाचवते, आणि त्याविषयी वाद नाही.

गोंदणाचा विषय सातपुड्याच्या संदर्भात विशेष लक्ष देण्याजोगा आहे. लाल रंगामुळे सारकॉइडसदृश ग्रॅन्युलोमा होतो हे जुने ज्ञान. पारंपरिक काळे गोंदण त्यामानाने निरुपद्रवी. पण जत्रेत, बाजारात एकाच सुईने अनेकांना गोंदले जाते, तेव्हा जंतूही आत जाऊ शकतो. गोंदवलेल्या रेषांवरच कुष्ठरोगाचे चट्टे उठल्याच्या नोंदी छत्तीसगडमधून प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यामुळे गोंदणावरच्या गाठीचा तुकडा आला, तर ‘रंगाची प्रतिक्रिया’ लिहिण्याआधी फाइटचा रंग करून पाहावा, हे मला तरी पटते.

माहिती देऊन वाचावे की न देता

हा वाद वरवर कार्यालयीन वाटतो, पण तो मूळ प्रश्नाला हात घालतो. एक मत असे, की पॅथॉलॉजिस्टने प्रथम फॉर्म न वाचता स्लाइड पाहावी. ‘कुष्ठरोग?’ असे लिहून आले की डोळे मज्जातंतूभोवतीच्या चार लिम्फोसाइटनाही साक्षीदार करतात. आधी निरपेक्ष वर्णन, मग माहितीशी मेळ, अशी दोन पायऱ्यांची रीत हे लोक सुचवतात.

दुसरे मत असे, की ग्रॅन्युलोमाच्या बाबतीत निरपेक्ष वाचन ही कल्पनाच अपुरी आहे. तीच स्लाइड ओस्लोत आणि अक्कलकुव्यात वाचली, तर संभाव्य कारणांचा क्रम बदलतो आणि बदलायलाच हवा. चट्टे किती, बधिर आहेत का, कोपराजवळची नस जाड लागते का, घरात कुणाला क्षय होता का, हे ठाऊक नसताना दिलेले उत्तर सावध असेल, उपयोगी नसेल. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, मात्र पहिल्या मतातली भीती खरी आहे एवढे मान्य करून. विशेषतः ज्या भागात एका रोगाचे प्रमाण जास्त, तिथे त्याच रोगाचे नाव लवकर तोंडात येते आणि सारकॉइड किंवा बुरशी मागे राहते.

वेगवेगळ्या पॅथॉलॉजिस्टमधल्या मतैक्याचा प्रश्न यालाच जोडून येतो. रिडले-जॉपलिंगच्या दोन टोकांना लक्षणांवरचे आणि स्लाइडवरचे निदान चांगले जुळते, मधल्या गटांत जुळणी घसरते. हे भारतातल्या अनेक केंद्रांच्या अनुभवात पुन्हा पुन्हा आले आहे. काहींच्या मते यावरून वर्गीकरणच सदोष ठरते. इतरांचे उत्तर असे, की मधले गट स्वभावतःच अस्थिर आहेत. रुग्ण एका गटातून दुसऱ्यात सरकतो, आणि एकाच अंगावरचे दोन चट्टे दोन गटांतले असू शकतात.

कार्यक्रमाची चौकट आणि प्रयोगशाळेची

राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात निदान तीन प्रमुख लक्षणांवर होते : बधिर चट्टा, संवेदना किंवा शक्ती गेलेली जाड नस, किंवा घसाऱ्यात जंतू. बायोप्सी या यादीत नाही. उपचाराची विभागणीही सोपी ठेवलेली. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चट्टे मोजण्याची ही पद्धत आली आणि घसाऱ्याची सक्ती उरली नाही. २००५च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले गेले. त्याच दशकात सेवा सामान्य आरोग्यव्यवस्थेत मिसळली.

या सुलभीकरणाचे समर्थक म्हणतात, आशाताई आणि आरोग्य सेवक दुर्गम पाड्यावर जाऊन चट्टे मोजू शकतात, सूक्ष्मदर्शक तिथे जाऊ शकत नाही. निदानाला बायोप्सीची अट घातली असती, तर हजारो रुग्ण औषधाविना राहिले असते. टीकाकार, ज्यांत बरेच त्वचारोगतज्ज्ञ आहेत, म्हणतात की दोनच चट्टे असूनही घसाऱ्यात जंतू सापडणारे रुग्ण असतात. ते अपुऱ्या औषधांवर सुटतात. शिवाय घसारा घेणारे आणि वाचणारे हात हळूहळू कमी झाले. दोन्ही म्हणण्यांना आधार आहे. एप्रिल २०२५ पासून भारतात कमी चट्ट्यांच्या, म्हणजे कमी जंतूंच्या गटालाही तीन औषधे देण्याचे धोरण आले. त्यामुळे दोन गटांतला फरक आता मुख्यतः मुदतीचा उरतो आणि या वादाची धार थोडी बोथट होते. रिअॅक्शनचा, म्हणजे चट्टे आणि नसा अचानक सुजण्याचा धोका, पुन्हा उद्भवण्याची शक्यता आणि कुष्ठरोग मुळात आहे की नाही हा प्रश्न, या तिन्हींसाठी मात्र स्लाइडची गरज तशीच राहते.

औषध देऊन पाहणे

अहवाल धूसर आला की बऱ्याच ठिकाणी क्षयाची औषधे सुरू करून सहा-आठ आठवडे वाट पाहतात. सुधारला तर क्षय, असा हिशेब. त्वचेच्या क्षयात ही रीत मान्यताप्राप्त पुस्तकांतही आहे, आणि दुसरा मार्ग नसेल तर ती समजण्यासारखी आहे. कुष्ठरोग शेजारी असलेल्या प्रदेशात मात्र तिचा तर्क डळमळतो. क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन कुष्ठजंतूलाही मारते. चट्टा फिकटला यावरून दोघांतला कोण होता हे कळत नाही. क्षयसदृश कुष्ठाचे काही चट्टे तर आपोआपही विरतात. उलट क्षयाला कुष्ठरोग समजून महिन्यातून एकदाच रिफॅम्पिसिन दिले, तर औषधाला न जुमानणारा क्षय तयार होण्याची भीती. स्टेरॉइडचेही तेच. सारकॉइड आणि कुष्ठरोगाची रिअॅक्शन, दोघेही त्याने उतरतात.

कुष्ठरोगाचे निदान चुकले, तर आणखी एक गोष्ट निसटते. चट्टा गेला तरी मज्जातंतूची तपासणी होत नाही, हातापायाची शक्ती मोजली जात नाही, घरच्यांना तपासले जात नाही आणि प्रतिबंधाची रिफॅम्पिसिनची एकेरी मात्राही त्यांना मिळत नाही.

जिल्ह्यात काय शक्य आहे

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे बायोप्सी वाचणारे आता जिल्ह्यात आहेत. अडचण तुकड्याच्या आणि माणसाच्या प्रवासात आहे. धडगाव, मोलगी किंवा सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठची गावे इथून नंदुरबार गाठण्यात दिवस जातो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीला परततात. तुकडा कार्तिकात काढला आणि अहवाल अनिर्णित आला, तर पुन्हा तुकडा घ्यायला माणूस फाल्गुनापर्यंत सापडत नाही.

म्हणून अहवालाच्या भाषेचा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा. ‘नाकारता येत नाही’ एवढ्यावर थांबण्याऐवजी संभाव्यतेचा क्रम लिहावा, कोणते रंग केले ते सांगावे, मज्जातंतू तुकड्यात आला होता की नाही ते नोंदवावे, आणि पुढचा तुकडा कुठून व कसा घ्यावा हे सुचवावे, अशी मागणी त्वचारोगतज्ज्ञ करतात. पॅथॉलॉजिस्टची उलट मागणी असते की फॉर्मवर वय आणि ‘त्वचेचा चट्टा’ यापलीकडे काही लिहा, जमल्यास मोबाइलवर चट्ट्याचा फोटो पाठवा. स्लाइडच्या डिजिटल प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाला दाखवण्याचे प्रयोग देशात सुरू आहेत, तशी जंतू हुडकणारी संगणकीय साधनेही. त्यांची परीक्षा बहुतांशी जंतूंनी भरलेल्या स्लाइडवर झाली आहे. जंतू नसलेल्या, मज्जातंतू अर्धवट आलेल्या, मलमाने पुसट झालेल्या तुकड्यावर ती काय सांगतील, हे अजून दाखवले गेलेले नाही. राष्ट्रीय आराखड्याने २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचे ठरवले आहे. रुग्ण कमी होत जातील तसे उरलेल्यांतले अधिकाधिक तुकडे याच मधल्या, अनिर्णित प्रकारचे असतील, आणि ते वाचण्याचा सराव असलेले लोक तेव्हा किती असतील हे आजच्या प्रशिक्षणावर ठरेल.